बाकाची डावी बाजू

माझी धाकटी बहीण आर्डेलिया हिच्याबद्दल जे छापून येतं ते मी वाचत नाही. त्यात खोटं काही नसतं. शिकागोच्या साउथ साइडची काळी पोर, सकाळी युरोपातलं शास्त्रीय संगीत आणि संध्याकाळी जॅझ, दोन्ही त्याच हातांनी वाजवणारी. गोऱ्यांच्या मोठ्या हॉलमध्ये एकटीनं कार्यक्रम करणारी आमच्यातली पहिली बाई. सगळं खरं आहे. फक्त ज्या बाईनं हे केलं ती माझी बहीण नव्हती. असं बोलले की लोक म्हातारीला चळ लागला अशा नजरेनं बघतात. बघू देत. मी आयुष्यभर बायकांचे केस तापल्या कंगव्यानं सरळ केलेत, खुर्चीत बसून लोक काय काय बोलतात ते ऐकलंय, त्यामुळे मला नजरांचं काही वाटत नाही.

आम्हा दोघींना पियानो शिकवला मिस लोव्ही स्टॅम्प्स यांनी. त्या आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या. उंच, हडकुळ्या, खालच्या ओठाआड कायम तपकिरीची चिमूट, आणि हात इतके लांब की नुसत्या डाव्या पंजात दहा पट्ट्या सहज मावायच्या. मला त्यांनी लवकरच हाकललं. आईला म्हणाल्या, हिच्या बोटांना कान नाहीत, हिला दुसरं काहीतरी शिकव. मी रडले नाही. डीलीला, म्हणजे आर्डेलियाला, मात्र ठेवून घेतलं याचा राग आला, आणि तो राग मला बरीच वर्षं पुरला.

त्या काळी आमच्याकडे कुणाचं भाडं थकलं की शनिवारी त्या घरात पार्टी व्हायची. खुर्च्या भिंतीला लावायच्या, स्वयंपाकघरात मासे तळायचे, येणाऱ्यानं दाराशी काहीतरी टाकायचं आणि आत जाऊन नाचायचं. नाचणारे थांबत नसत, म्हणून पियानोही थांबून चालत नसे. एक वादक दमला की दुसऱ्यानं बाकावर डावीकडून सरकायचं. आधी डावा हात, म्हणजे खालचा ठेका, आपल्याकडे घ्यायचा, मग हळूच उजवा. आधीच्यानं उजवीकडून उतरायचं आणि पियानोच्या त्याच कोपऱ्याशी ग्लास घेऊन उभं राहायचं, पुन्हा पाळी येईपर्यंत. शिरायचं कधी, तर बसलेल्यानं डावी बाजू मोकळी सोडली की. मोकळी बाजू म्हणजे आवतण. एकदा दिलेलं आवतण मागे घेता येत नसे. आत आलेला आपणहून सरकला तरच बाक परत मिळायचा. हे कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्या बाकावर बायका बसत नसत. मिस लोव्ही बसल्या. एका बुटक्या वादकानं त्यांना म्हटलं, बाई, स्वयंपाकघर तिकडे आहे. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, तू गिळलास तो मासा मीच तळला, आता सरक. आणि तो सरकला. तिथून पुढे त्यांना कुणी अडवलं नाही. अडवलं ते दुसरीकडे. तरुणपणी त्या टोपी, हातमोजे घालून तळ्याकाठच्या मोठ्या हॉलवर गेल्या होत्या, तिथले लोक नव्या वादकांना ऐकून बघणार होते म्हणून. पुढच्या दारावरच्या माणसानं त्यांना मागच्या दाराला पाठवलं, आणि मागच्या दारावरच्यानं हातात बादली आणि फडकं दिलं. ही गोष्ट त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली, आणि सांगताना हसल्या. मला ते हसू आवडलं नव्हतं.

डीली मोठी झाली, गोऱ्यांच्या संगीतशाळेत गेली, तिथं तिचं कौतुक झालं. पण तिचे हात लहान. डाव्या हातात आठ पट्ट्या, त्याही ताणून ताणून. स्वभावानंही तशीच, आक्रसलेली. ट्रॅममध्ये कुणी धक्का दिला तर हीच माफी मागायची. तळ्याकाठच्या हॉलमध्ये वसंतात तिचा एकटीचा कार्यक्रम ठरला तेव्हा ती आनंदानं नव्हे, भीतीनं रडली. शेवटची रचना अवघड होती, खालच्या सुरांत नुसती धावपळ, आणि तिचा हात तिथपर्यंत पोचत नव्हता. मिस लोव्ही तिच्याकडून रोज ते करून घ्यायच्या. बाकावर डीली उजवीकडे, त्या डावीकडे; जिथं डीलीचा हात थिटा पडे तिथं त्या आपला घालायच्या.

त्या हिवाळ्यात मिस लोव्ही गेल्या. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या, ओठाआडची तपकीर तशीच.

आमच्याकडे मयताच्या घरात आरसे झाकतात, घड्याळ थांबवतात. आणि मेलेलं माणूस वादक असेल तर पियानोचं झाकण लावून बाक भिंतीशी उलटा ठेवतात, पाय वर करून. दफन होईपर्यंत तो कुणी सुलटा करत नाही. आमच्या चर्चच्या वडीलधाऱ्या बाई, मदर टेमार, त्यांनी स्वतःच्या हातानं तो बाक उलटा केला होता.

बर्फामुळे पाद्रीबाबा अडकले. बाहेरच्या खोलीत शवपेटी, भोवती माणसं, आणि कुणाला काय बोलावं ते सुचेना. कुणीतरी म्हणालं, निदान एखादं भजन तरी होऊ दे, लोव्हीच्या घरात एवढी शांतता बरी दिसत नाही. मदर टेमार स्वयंपाकघरात घेवड्याच्या पातेल्याशी होत्या. डीली रडत रडत उठली, बाक सुलटा केला, झाकण उघडलं आणि बसली. वर्षानुवर्षांच्या सवयीनं बसली, म्हणजे उजव्या अर्ध्यावर. डावा अर्धा मोकळा. त्यावर कुणी नाही हे तिच्या ध्यानातच आलं नसावं. उजव्या हातानं तिनं भजनाची चाल धरली.

मी मागे थाळी घेऊन उभी होते. तिचा डावा हात मांडीवर पडलेला मला दिसत होता. तो उठला. आपण एखाद्या मुलाचं मनगट धरून उचलावं तसा उठला, बोटं खाली लोंबत होती. मग पट्ट्यांवर आला आणि पसरला. आठ, नऊ, दहा. अंगठ्याच्या मुळाशी कातडी पांढरी पडेपर्यंत पसरला आणि ठेका सुरू झाला. खोलीतल्या सगळ्यांनी तो ओळखला. बायका हुंदके देऊ लागल्या, लोव्हीचा आशीर्वाद मिळाला गं पोरीला, म्हणू लागल्या. मी बाकाकडे बघत होते. डाव्या अर्ध्यावरची गादी दबलेली होती.

मदर टेमार ओला डाव तसाच हातात घेऊन बाहेर आल्या. भजन संपेपर्यंत थांबल्या. ठेका तोडायचा नाही हे त्यांनाही कळत होतं. मग डीलीजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "बाक कुणी सुलटा केला?"

"मी केला, मदर."

"आणि डावी बाजू सोडून बसलीस?"

तिनं बाजूला पाहिलं आणि तिला तेव्हा कळलं.

"एक हात दिलायस," मदर टेमार म्हणाल्या. "आता दुसरा मागेल. ती कुणाच्या घरात अर्ध्यावर उठलेली नाही."

त्यानंतर आमच्या घरात जे चाललं ते बाहेरून दिसण्यासारखं नव्हतं. डीली जेवायला बसली की उजव्या हातानं काटा धरायची आणि डावा हात टेबलाच्या कडेवर बोटं आपटत राहायचा. मध्येच तो मीठ उचलायचा. डीलीला खारट चालत नसे. तो चिमटीनं तिच्या थाळीत मीठ टाकायचा, मिस लोव्हींसारखं, दोनदा. एकदा मी तिचे केस विंचरताना जरा जोरात ओढले तर त्या हातानं माझ्या मनगटावर चापट मारली. लहानपणी चुकीची पट्टी दाबली की मिळायची तीच चापट, त्याच जागी. डीली आरशातून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पार उतरला होता, पण ओठांचा डावा कोपरा हसत होता.

मग तिच्या पर्समध्ये तपकिरीची डबी सापडली. मी विचारलं, ही कुणी आणली? ती म्हणाली, मला आठवत नाही, मी दुकानाजवळून जात होते.

मी मदर टेमारकडे धावले. त्यांनी सांगितलं ते सोपं होतं. हॉलमध्ये बाक नको, एकच माणूस मावेल असं गोल स्टूल घ्यायचं. जिथं दोघांना जागा नाही तिथं हात बदलता येत नाही. असं एकदा लोकांसमोर निभावलं की मग लोव्ही थकेल आणि आपणहून उतरेल. मला एवढा धीर आला की मी वाटेतच पंधरा नंबरच्या घरातल्या शिवणवाल्या बाईचं स्टूल मागून खांद्यावर घेऊन आले. लोक हसले. हसू देत.

डीलीनं स्टुलाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"स्टुलावर बसले तर तो हात जाईल," ती म्हणाली.

"जाऊ दे. तुझा येईल."

"माझा हात आठच पट्ट्यांचा आहे, इडी. शेवटची रचना मला वाजवता येत नाही, तुला ठाऊक आहे. तिकडे सगळा हॉल मी चुकायची वाट बघत बसणार आहे. मी चुकले तर माझ्यानंतर आपल्यातल्या कुणाला ते दार उघडतील का?"

"त्या दाराचं तू कशाला बघतेस? डीली, ती उजवा हातही घेईल. मग तू कुठं जाशील?"

"एक दुपार फक्त. तिला ती दुपार देते. मग मी तिला उठवीन."

"आत आलेल्याला उठवता येत नाही. तुला कुणी शिकवायला पाहिजे का हे?"

आम्ही दोघी लहानपणापासून भांडत आलो, पण मी तिच्यासाठी इतकी कधी घाबरले नव्हते. मी तिला म्हटलं, मला तुझं नाव पेपरात नको, मला तू हवीस. हे मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच बोलले. तिचे डोळे भरून आले. उजव्या हातानं तिनं माझा गाल कुरवाळला. डावा हात तेवढ्यात स्टुलाशी गेला, त्याला एका पायाला धरून उचललं आणि दारापाशी नेऊन ठेवलं.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. आमचं सगळं चर्च वर गॅलरीत, खाली गोरी मंडळी. मंचावर काळा मोठा पियानो आणि लांब बाक. डीली निळ्या झग्यात आली. तिचे केस सकाळी मीच केले होते. ती बसली, आणि उजव्या अर्ध्यावरच बसली. खाली लोकांत कुजबुज झाली, कुणी हसलंही, काळ्या मुलीला बाकाच्या मधोमध बसायचं कळत नाही म्हणून. गॅलरीत मात्र कुणी हसलं नाही. आमच्या लोकांना ती मोकळी जागा दिसत होती. मदर टेमारनी माझा हात धरला.

पहिल्या रचना ठीक गेल्या. मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होते, दुसरं काही ऐकूही येत नव्हतं मला. तो हात तिचाच होता. ती वरच्या सुरांवर जाताना करंगळी किंचित वाकडी ठेवायची, तशीच होती. शेवटची रचना सुरू झाली. खालचे सूर गडगडत आले, आणि मी बघितलं की डीली हळूहळू उजवीकडे सरकतेय. आधी वीतभर. मग तिचा झगा बाकाच्या कडेवरून खाली लोंबला. ती अर्धी हवेत बसल्यासारखी दिसत होती. तिनं मान वर करून गॅलरीकडे पाहिलं, मला शोधलं. तिच्या ओठांवर काय होतं ते मला इतक्या लांबून वाचता आलं नाही. मी उठून उभी राहिले. तिची करंगळी सरळ झाली.

लगेच ती बाकाच्या मधोमध होती. मधे येताना कुणी पाहिलं नाही. ठेका कुठंही तुटला नाही. सगळा हॉल उभा राहिला, खालचा आणि वरचाही, पण मदर टेमार खाली मान घालून बसून राहिल्या.

मागच्या खोलीत मी पोचले तेव्हा ती खुर्चीत पाय लांब करून बसली होती. भोवती फुलं होती, आयोजक मंडळी होती. एक बाई सांगत होती की बाहेर गर्दी आहे, मोटार मागच्या दाराला लावली आहे, तिकडून सोयीचं पडेल.

"मी पुढच्या दारानं जाणार," ती म्हणाली.

डीलीनं असं कुणाला कधी सांगितलं नसतं. मी सगळे बाहेर जायची वाट पाहिली. मग दार लोटून विचारलं, "मिस लोव्ही?"

"हळू बोल. लोक आहेत."

"डीली कुठंय?"

"उतरली."

"कुठं उतरली?"

"ते मला कसं ठाऊक, पोरी? उतरणाऱ्याकडे मी कधी पाहिलेलं नाही. वाजवताना बघायचं नसतं." आवाज डीलीचा होता. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तिनं जागा दिली. मी ओढून घेतली नाही. हे तुलाही कळतंय."

कळत होतं, हेच वाईट होतं. मी कुणाला काय सांगणार होते? माझी बहीण समोर बसलेली होती, तिच्या अंगावर निळा झगा होता, आणि बाहेर लोक तिचं नाव घेत होते. मी त्यांना कोट घालायला मदत केली. आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो.

त्यानंतरचं सगळं छापून आलेलं आहे. त्या देशभर फिरल्या, समुद्रापलीकडे गेल्या. कार्यक्रमाचा पहिला अर्धा युरोपातल्या रचना, दुसरा अर्धा आमचं संगीत, आणि कधीकधी दोन्ही एकात असं मिसळायच्या की शास्त्रीयवाले आधी नाकं मुरडायचे आणि मग पाय आपटायचे. दक्षिणेत एका हॉलमध्ये काळ्यांना बसायला दोरी बांधून वेगळी जागा केली होती. त्या बाकावर मांडी ठोकून बसल्या आणि म्हणाल्या, दोरी निघाली की सुरू करते. दोरी निघाली. माझ्या डीलीनं दोरी बघून मान खाली घातली असती आणि वाजवलं असतं. हे मी तिला कमी लेखायला सांगत नाही. ती तशी होती आणि मला ती तशीच हवी होती.

त्या माझ्याशी चांगल्या वागल्या. डीलीपेक्षा चांगल्या, हेही सांगून टाकते. मला दुकान वाढवून दिलं, माझं गुडघ्याचं दुखणं काढलं, दर इस्टरला नवी टोपी आणायच्या. मी त्यांचे केस विंचरायची आणि त्या मला गावोगावच्या गमती सांगायच्या, त्या बुटक्या वादकाच्या नकला करून मला रडेपर्यंत हसवायच्या. हसून झालं की मला माझीच लाज वाटायची.

कारण डीली गेलेली नव्हती. घरी आमचा पियानो बाहेरच्या खोलीत होता, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्याशी फरशीची एक फळी करकरायची. पियानो सुरू झाला की करकरायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलावा तशी. उतरलेलं माणूस तिथंच उभं राहतं, पाळी येईपर्यंत. मी तिथं पियानोवर पाण्याचा ग्लास ठेवू लागले. संध्याकाळी तो थोडा कमी झालेला असायचा. मिस लोव्हींनी ते पाहिलं, आणि ग्लास तसाच राहू दिला. फक्त घरी वाजवायला बसल्या की बाकाच्या मधोमध बसायच्या आणि झगा दोन्ही बाजूंना पसरून घ्यायच्या, कडेपर्यंत.

पहिली काही वर्षं मी त्यांना विनवायची, सरका हो जरा. त्या म्हणायच्या, अजून ठेका चालू आहे. पुढं मी विनवणं सोडलं. पाणी मात्र सोडलं नाही.

मदर टेमार गेल्या. आमची इमारत पाडली, आम्ही दुसरीकडे राहायला गेलो, आणि तिथली लाकडी फरशी नवी कोरी असूनही त्याच कोपऱ्याशी करकरू लागली. माझे केस पांढरे झाले. मिस लोव्हींचे, म्हणजे डीलीचे, मी काळे करत राहिले, कारण लोकांना ते तसे हवे असायचे. मग त्यांचे सांधे धरले. बोटांच्या पेरांना गाठी आल्या, कार्यक्रम बंद झाले. त्या दिवसभर खिडकीशी बसू लागल्या.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात मक्याचा पाव कापत होते. बाहेर पियानोचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी हात पुसत आले, तर त्या बाकाच्या उजव्या अर्ध्यावर बसल्या होत्या. झगा आवरून मांडीत घेतला होता.

"दमले गं," त्या म्हणाल्या. "ती अजून उभीच आहे. इतकं कुणी उभं राहत नाही."

मी हातातलं फडकं खुर्चीवर टाकलं.

"हिच्या हातांत आता काही उरलं नाही, इडेला. सगळं मी वाजवून टाकलं. असं घर परत देणं बरं नव्हे. तू म्हणशील तर मी हे शरीर असंच घेऊन जाईन, तिला काही कळणार नाही. तू म्हणशील तर सरकते."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. फळी गप्प होती, श्वास धरल्यासारखी. मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला वाटलं, नको म्हणावं. डीलीला काय मिळणार होतं? गाठाळलेली बोटं, म्हातारं शरीर, आणि दुसऱ्यानं मिळवलेलं नाव. शिवाय समोरची बाई मला हवी होती. तिच्याबरोबर माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं होतं. तिला निरोप द्यायचा म्हणजे मी घरात पुन्हा एकदा एकटी पडणार होते, बहीण असून एकटी.

"सरका," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलवली आणि माझ्याकडे बघून हसल्या. मग त्यांचा उजवा हात एका जुन्या भजनाची चाल धरून चालू लागला, अगदी हलका. बाक करकरला. डाव्या बाजूची गादी दबली. डावा हात उठला आणि पट्ट्यांवर पडला, लहान, भित्रा, आठ पट्ट्यांपुरता. ठेका चुकला, पुन्हा लागला. उजव्या हाताची करंगळी हळूहळू वाकडी झाली. खोलीत मला तपकिरीचा वास आला आणि तो दाराकडे गेला. पुढच्या दाराकडे.

वाजवणं थांबलं. बाकावर माझी बहीण बसली होती, डाव्या कडेला, अंग चोरून. तिनं हात झटकले, चोळले. घाबरून बोटं आखडली बघ, म्हणाली. मग घाईघाईनं माझ्याकडे वळली, तिच्या डोळ्यांत तोच गॅलरीकडे पाहतानाचा भाव होता.

"इडी, शेवटची नीट झाली का गं? लोकांना आवडली?"

"हो," मी म्हटलं. "सगळे उभे राहिले."

"खालचे पण?"

"खालचे पण."

ती हसली. किती दिवसांनी पाहिलं मी ते हसू. आणि मग तिचं लक्ष माझ्या पांढऱ्या केसांकडे गेलं.